एका बाजूचा रनर

१

“पोरगी गुणाची आहे गं. तोंड उघडत नाही, कामाला मागं नाही,” शालनबाई शेजारच्या वृंदाकाकूंना सांगत होत्या. मग आवाज खाली आला. “पण तुला म्हणून सांगते, ती एकटी नाही आली.”

स्वप्नाली तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालून रिकामी बादली घेऊन जिना उतरत होती. वाक्य तिच्यासाठी नव्हतं. पण हेंद्रेपाड्यातल्या त्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, आणि जिन्यात बोललेलं खालपासून वरपर्यंत सगळ्यांचं असायचं. ती वळणावरच थांबली. कडी वाजू नये म्हणून बादली पोटाशी धरली, आणि आपण काय कुठे धरून उभ्या आहोत हे लक्षात येताच पटकन खाली ठेवली.

लग्नाला दोन महिने चार दिवस झाले होते. नव्या सुनेबद्दल सासू असं बोलली, की त्याचा अर्थ काय, हे उल्हासनगरच्या चाळीत वाढलेल्या मुलीला फोड करून सांगावं लागत नाही. तिनं तिथंच बोटांवर तारखा मोजल्या. तारखा तिच्या बाजूनं होत्या, पण अशा वेळी तारखांना कोण विचारतं? तिचे कान तापले. पुढचे आठ दिवस तिनं चिंच, आवळा, लोणचं, कशालाही बोट लावलं नाही. आमटीतलं कोकमसुद्धा ताटाच्या कडेला सारलं. आंबट इतकं टाळणारी सून पाहून शालनबाई उलट जास्तच निरखून बघायला लागल्या.

फक्त एक गोष्ट तिला जरा उशिरा जाणवली. सासूबाई तिच्या पोटाकडे बघत नव्हत्या. त्या तिच्या खांद्यावरून मागं, आतल्या खोलीकडे बघत होत्या.

२

आतल्या खोलीत एक खाट, एक गोदरेजचं कपाट आणि तिच्या नवऱ्याच्या, आकाशच्या सायकल टूरचं सामान होतं. सामान खाटेखाली मावेना तेव्हा खाटेवर आलं.

आकाश अंबरनाथच्या एमआयडीसीत पंपांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. आठवडा फर्स्ट शिफ्ट, आठवडा सेकंड, आठवडा नाइट. कामावरही तो सायकलनंच जायचा, आणि घरी आला की सायकल खांद्यावर घेऊन दोन मजले चढायचा. पायऱ्यांवर मागचं चाक मोकळं फिरायचं, टिक टिक टिक, आणि त्या आवाजावर स्वप्नाली चहाचं आधण ठेवायची. लग्नात भीमराव, म्हणजे तिचे सासरे, ठाम होते. “आम्हाला मुलगी पाहिजे, सामान नको.” लग्न विहारात झालं, मंडळी जेवली, संपलं. सोनं नाही, कपाट नाही, भांडीसुद्धा नाहीत.

त्यामुळे तिचे वडील, प्रमोद, आतल्या आत झुरत होते. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात ते तीस वर्षं कटिंग मास्तर; आयुष्यभर दुसऱ्यांसाठी कापड कापलं आणि पोरीला एक टाका दिला नाही, असं त्यांना वाटायचं. जावई मित्रांबरोबर बारवी, मुरबाड करत नाणेघाटाच्या पायथ्याशी सायकलनं जाणार, दोन रात्री तंबूत काढणार, हे कळलं मात्र, म्हातारा तरुण झाला. “दुकानातून काय घेता जावईबापू? मी आहे ना.”

आणि मग बापलेकीनं मिळून सगळं शिवलं. कॅरिअरला लटकवायच्या, रिजेक्ट डेनिमच्या दोन पिशव्या, आतून ताडपत्रीचं अस्तर. पॅराशूटच्या कापडाचं जाकीट. बुडाला फोम लावलेली चड्डी, जी बघून आकाशचा मित्र भूपेश म्हणाला होता, “भाभी, ये तो डायपर है यार!” तंबूखाली अंथरायला जुना फ्लेक्स. त्यावर कुठल्यातरी भाऊंचा वाढदिवस होता. भाऊंचा चेहरा खाली करून झोपायचं की वर, यावर भीमराव आणि आकाश यांच्यात एक संध्याकाळ वाद झाला.

राहिली स्लीपिंग बॅग. ती काही शिवता येईना. ती प्रमोदनी उल्हासनगरच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगातून उचलली. निळी, जाड, एकदम भारी माल. तिची चेन तेवढी गेलेली होती, आणि मानेपाशी आतल्या बाजूला कुणीतरी हातानं लाल दोऱ्यात नाव घातलेलं होतं.

नाव स्वप्नालीनं उसवलं. ब्लेडचं टोक घालून, एकेक टाका. उसवताना अक्षरं दिसत नाहीत, टाकेच दिसतात; त्यामुळे नाव काय होतं ते तिला कधी कळलंच नाही. तिथं तिनं कारखान्यात पडलेल्या रिळातलं एक चकचकीत लेबल लावलं. मग चेन लावायला-उघडायला सरकवतात तो रनर बदलला. जुन्या रनरला बाहेरून एक आणि आतून एक, अशा धरून ओढायच्या दोन पट्ट्या होत्या. जीन्सच्या घरात असला रनर कुठून असणार? जीन्सचा रनर एकाच बाजूनं ओढतात. तिनं तोच चढवला. चेन झकास चालली. बापानं लेकीच्या पाठीवर थाप मारली.

आकाशनं लेबल वाचलं आणि ग्रुपवर फोटो टाकला. सासऱ्यांची गिफ्ट, एक्स्पोर्ट क्वालिटी, ब्रँड न्यू. स्वप्नालीनं त्यावर अंगठा दिला. तिचं पहिलं खोटं ते, आणि बोलावंही लागलं नाही.

३

पहिल्यांदा तिच्या लक्षात आली ती ऊब.

बॅगेला गोदामाचा वास होता म्हणून तिनं ती खाटेवर उलगडून ठेवली होती. अकराच्या सुमाराला घडी घालायला गेली आणि अस्तर सारखं करावं म्हणून हात आत घातला. आत गरम होतं. वरवर नाही, खोल, पायांच्या टोकापर्यंत. सकाळी कुणी उठून गेल्यावर गादीत राहते तशी. त्या खोलीत ऊन येत नाही. खिडकीसमोर पलीकडच्या बिल्डिंगची भिंत आहे, हाताच्या अंतरावर.

“बाबा, ही बॅग आपोआप गरम होते का हो?” तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

भीमरावांना असा प्रश्न म्हणजे मेजवानी. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा कपाळावर नेला. “आपोआप काही होत नसतं. आत फायबर असतं, ते हवा धरून ठेवतं. हवा उष्णता सोडत नाही. साधं सायन्स आहे.”

“पण आत कुणी नसलं तरी?”

“मग तुझाच हात गरम असेल.” ते हसले. “आपल्या घरात प्रश्न विचारायचे, घाबरायचं नाही. काय?”

ती मान हलवून आत गेली. हात गालाला लावून बघितला. हात गारच होता. पण तसं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, बॅग कुठून आणली. आणि ज्या घरात भुताखेतांचं नाव काढलं तर हॉलमधल्या तसबिरींकडे बोट दाखवून बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली जाते, त्या घरात नव्या सुनेनं काय बोलायचं? तिच्या माहेरीही त्याच तसबिरी होत्या. तिलाही असलं काही वाटणं म्हणजे नापास झाल्यासारखंच होतं.

दोन दिवसांनी तिच्या हातून स्वयंपाकघरात पितळी डबा पडला. शालनबाई झटकन वळल्या, ओठांवर बोट. “हळू गं! झोपलाय ना तो.”

या घरात ही सवयच होती. पोरगा नाइट करून दिवसा झोपला, की कुकरची शिट्टी हातानं उचलायची, टीव्ही मुका करायचा, बोलायचं ते कानाशी. स्वप्नालीनंही डबा हळूच उचलला. मग तिच्या लक्षात आलं.

“आई, अहो… यांची या आठवड्यात फर्स्ट आहे. सकाळीच नाही का गेले?”

शालनबाईंचा हात तसाच ओठांवर राहिला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि एकाच वेळी नजर चुकवली.

“हो की. विसरलेच मी,” शालनबाई म्हणाल्या. पण त्याही हळूच म्हणाल्या.

४

आवाज तिला आधी सायकलचा वाटला.

ती भाजी निवडत बसली होती. टिक. टिक टिक. आकाश लवकर आला वाटतं, म्हणून ती उठली, आधण ठेवलं, दार उघडलं. जिना रिकामा. खाली कुणाचीतरी चप्पल उलटी पडलेली. तिनं दार लावलं, आणि आवाज पुन्हा आला, या वेळी पाठीमागून.

चेनच्या दातांवरून नख फिरवलं तर होतो, तो आवाज. शिवणकाम करणाऱ्या घरात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला तो झोपेतही ओळखू येतो. कुणीतरी एका टोकापासून एकेक दात चाचपत निघालंय, अगदी सावकाश. वर पोचलं की थांबतं. मग पुन्हा खालून सुरू. घाई नाही, राग नाही. अंधारात भिंतीवर बटण शोधतात, तसं.

ती दारात जाऊन उभी राहिली तेव्हा आवाज बंद झाला. बॅग खाटेवर सपाट पडलेली होती. चेन वरपर्यंत लावलेली. ती आपणच लावली होती का, हे तिला काही केल्या आठवेना. रनरची पट्टी बाहेरच्या बाजूनं लोंबत होती. किंचित हलत होती. पंखा बंद होता.

उंदीर असेल, असं तिनं ठरवलं. उंदराला तिनं मनोभावे चिकटून राहायचं ठरवलं. संध्याकाळी आकाश आल्यावर म्हणालीसुद्धा, “घरात उंदीर झालेत रे.” दोघंच असताना ती त्याला अरे म्हणायची, हॉलमध्ये आलं की अहो.

“दुसऱ्या मजल्यावर? काय पण!” तो चाकाची हवा बघत होता. “ऐक ना, नाइटचा आठवडा लागला की शनिवारी सकाळी येऊन त्या बॅगेतच झोपतो. ट्रायल. एकदम वरपर्यंत पॅक. भूपेश बोलला, पहिल्यांदा घरी झोपून बघायचं असतं.”

“घरी कशाला? गरम होईल.”

“मग चेन उघडीन ना.”

सांगायचं होतं ते एवढंच. आतून उघडत नाही, एवढे तीन शब्द. पण त्या तीन शब्दांच्या मागं बाकीचे रांगेत उभे होते. का उघडत नाही, रनर कुणी बदलला, नव्या बॅगेचा रनर बदलायचं कारण काय, आणि ते लेबल.

त्याच आठवड्यात एका दुपारी भीमराव बातम्या बघत होते. आकाश कामावर. शालनबाई विहारात. स्वप्नाली दारामागून बघत होती, सासऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. आतल्या खोलीकडे एकदा पाहून भीमरावांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज कमी केला. थोडा. मग अजून थोडा. मग त्यांची आणि तिची नजरानजर झाली. भीमरावांचा चेहरा एखाद्या चोरी करताना सापडलेल्या मुलासारखा झाला. त्यांनी आवाज होता त्याच्यापेक्षा दुप्पट मोठा केला, आणि समोरची जाहिरात डोळे न हलवता शेवटपर्यंत पाहिली.

आता तिला सासूबाईंच्या जिन्यातल्या वाक्याचा अर्थ लागला. एकटी नाही आली. सासू, सासरे आणि ती, तिघांनाही कुणीतरी झोपलंय हे ठाऊक होतं. त्याला उठवायचं नाही, हेही न बोलता ठरलेलं होतं. आणि ते तिच्या माहेराहून, तिच्या हातानं, लेबल लावून आलं होतं.

५

तिनं गच्चीवर जाऊन वडिलांना फोन लावला.

“पप्पा, ती बॅग कुणाची होती?”

“ढिगातली गं. ढिगाला काय मालक असतो? का, उसवली कुठं?”

“नाही. चेन कशी गेली होती तिची, आठवतं का तुम्हाला?”

मागं मशिनींचा घरघराट. कापडाचं विचारलं की ते खोटं बोलू शकत नसत. “आठवतं ना. आतून ओढलेली होती. दात सगळे आतल्या बाजूला वळलेले, आणि रनर एका बाजूनं निखळलेला. मी ठोकून सरळ केले. मला वाटलं, कुणी झोपेत लाथ मारली असेल.”

“तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“तुला दिसलं नव्हतं?”

तिला दिसलं होतं. चांगलं दिसलं होतं. वळलेले दात, आतल्या अस्तरावर बारीक ओरखडे, आणि मानेपाशी ते नाव, कुणीतरी प्रेमानं घातलेलं. तिनं तेव्हा एवढाच विचार केला होता की लेबल नाव झाकायला पुरेल ना.

“मी यांना खरं सांगू का, पप्पा?”

“अगं नको!” मशिनींच्या वर त्यांचा आवाज चढला, मग पडला. “स्वप्ना, त्यांनी एक चमचा घेतला नाही गं आपल्याकडून. एवढी एकच वस्तू दिली मी. जुनी होती कळलं तर काय म्हणतील? बापाची एवढी लाज राख.”

तिनं राखायचं ठरवलं. पण रनर तरी बदलावा. आत पट्टी असलेला रनर बाजारात मिळत नव्हता असं थोडंच होतं. तेव्हा फक्त आळस आणि घाई आडवी आली होती. नाइटच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी, आकाश दिवसाची झोप काढून बाहेर गेल्यावर, ती पक्कड आणि नवा रनर घेऊन खाटेवर बसली. बॅग मांडीवर घेतली. जड होती. रोजच्यापेक्षा जड.

वरचं टोक उसवण्यासाठी तिनं चेनची कापडी कड डाव्या हातानं ताणून धरली. आणि पलीकडून ती ताणली गेली.

झटका नव्हता. दोघी मिळून चादरीची घडी घालताना समोरची आपलं टोक धरून ठेवते, आपण ओढू तितकंच तीही ओढते, तशी ओढ. समजूतदार. मदत केल्यासारखी. स्वप्नालीनं हात सैल केला, तशी तिकडूनही सैल झाली. तिनं पुन्हा अगदी थोडं ताणलं. तिकडूनही, अगदी थोडं.

पक्कड फरशीवर पडली तेव्हा हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, “हळू!”

तिनं रनर बदलला नाही. बॅग पुन्हा खाटेवर पसरली, कडा सारख्या केल्या, आणि खोलीतून बाहेर येताना दार लोटून घेतलं. नुसतं लोटून, कडी लावली तर कुणालातरी वाईट वाटेल, असा काहीतरी वेडा विचार तिच्या मनात आला होता.

६

शनिवारी सकाळी आठ वाजता ती गच्चीवरून पॅराशूटचं जाकीट घेऊन खाली आली. दारात शालनबाई, हातात लाटणं, ओठांवर बोट.

“आलाय. झोपला पण.”

“कधी आले? मला आवाज नाही आला.”

“मलाही नाही. पोळ्या करत होते, आत डोकावले तर झोपलेला. त्या पिशवीतच शिरलाय बाई. चहासुद्धा मागितला नाही, इतका दमलाय.”

भीमराव मुक्या टीव्हीसमोर पेपर वाचत होते. पान उलटताना त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून उलटलं, कागद वाजू नये म्हणून.

स्वप्नाली आत गेली. खोलीत नेहमीचा अंधूक उजेड. खाटेवर बॅग भरलेली होती. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन, आकाश झोपतो तसाच. बॅगेची टोपी डोक्यावरून ओढून घेतलेली. पाठ वर खाली होत होती, सावकाश. चेन कमरेपर्यंतच लावलेली होती.

तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, पण पाठीला सांगता येईल. ती खाटेच्या कडेवर टेकली. खाट करकरली नाही म्हणून तिला बरं वाटलं.

“झोपलायस का? झोप. फक्त ऐक,” ती कुजबुजली. “रागावू नकोस. ही बॅग नवी नाहीये. ढिगातली आहे. लेबल मी लावलं. कुणाचं तरी नाव होतं रे यावर, ते मी उसवून टाकलं. आणि चेन… ती आतून उघडायची पट्टी मी काढून टाकली. मला वाटलं, काय फरक पडतो.”

पाठ वर खाली व्हायची थांबली.

झोपेत माणूस श्वास धरतो कधीकधी. आकाशही धरायचा. मग एक लांब उसासा आला आणि पाठ पुन्हा हलू लागली, पहिल्यापेक्षा जोरात. त्यानं ऐकलं, तिला वाटलं. ऐकून घेतलं आणि काही बोलला नाही. तिचे डोळे भरून आले. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं ती माहेरी सांगणार होती.

खिडकीतून गार वारा येत होता. तिनं मायेनं रनर धरला आणि चेन वर ओढली. कमरेपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून थेट टोपीपर्यंत, त्यानं सांगितलं होतं तशी, एकदम पॅक. बोटांना कापडाआडची ऊब लागली. शेवटच्या दाताशी रनर खट्ट करून बसला.

दार लोटून ती बाहेर आली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसून चहाचा कप हातात घेतला.

७

दोन घोट झाले असतील. जिन्यातून आवाज आला.

टिक टिक टिक टिक.

खालच्या मजल्यावरून, मोकळ्या चाकाचा. आणि मागोमाग भूपेशचं ओरडणं, “अरे आक्या, धीरे! मेरे टायर में हवा भर दे पहले, फिर जा ऊपर.” आणि आकाशचा आवाज, थकलेला, हसरा, “रुक ना, चाय पीके. अगली शिफ्ट का रिलीव्हर लेट आया यार, आधा घंटा खडा किया.”

शालनबाई पोळपाटावर वाकलेल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. तव्यावरची पोळी फुगली, आणि कुणी उलटली नाही म्हणून करपायला लागली. भीमरावांनी पेपर हळूहळू मांडीवर उतरवला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि शेवटी नाइलाजानं लोटलेल्या दाराकडे.

आकाश दारातून आत आला, खांद्यावर सायकल. “काय झालं? असे का बसलात?” त्यानं सायकल भिंतीला टेकवली. चाक थोडं फिरलं. टिक. टिक. थांबलं.

आवाज थांबला नाही.

तो आतून येत होता. या वेळी सावकाश नव्हता. दातांवरून खालपासून वरपर्यंत, परत खाली, पुन्हा वर.

“उंदीर बोलली होतीस ना तू,” आकाश म्हणाला आणि कुणी अडवायच्या आत त्यानं बोटानं दार ढकललं.

हॉलमधून खाटेचा निम्माच भाग दिसत होता. बॅग अजून भिंतीकडे वळलेली होती, पाठ या बाजूला. चेनच्या कडेनं, आतून, कापडाला चार टेंगळं आली होती. बोटांच्या टोकांएवढी, ओळीनं. ती दात चाचपत वर सरकली, मानेपाशी, आत लेबल होतं तिथं, क्षणभर थबकली, ओळखीचं काहीतरी शोधल्यासारखी. मग रनरखाली येऊन थांबली. तिथं आत धरायला काहीच नव्हतं. चारही टेंगळं त्या एका जागी राहिली, आणि दाबत राहिली. नंतर पाचवं आलं.

“कोण आहे?” भीमरावांनी विचारलं. आवाज शिस्तीचा होता, पण घरात कुणी झोपलेलं असताना विचारतात तेवढाच मोठा. “स्वप्नाली. कोण आहे ते?”

नाव तिला ठाऊकच नव्हतं. तिनं नुसते टाके पाहिले होते.

“मी म्हटलं होतं,” शालनबाई स्वतःशीच पुटपुटल्या. “मी वृंदाला म्हटलं होतं.” पण त्यांच्या बोलण्यात जिंकल्याचा सूर नव्हता. त्या सुनेकडे बघत होत्या, आणि बघणं कडक नव्हतं. इतके दिवस आपणही बोटं ओठांवर ठेवून बसलो, हे त्यांच्याही तोंडावर लिहिलेलं होतं.

आकाश एकदा बॅगेकडे, एकदा बायकोकडे बघत होता. “अगं, भूपेश तर खाली आहे. मग आत… चेन कुणी लावली?”

जिन्यात भूपेश शीळ घालत वर येत होता. आत टेंगळं पुन्हा खाली गेली आणि तळापासून नव्यानं सुरू झाली, एकेक दात, एकेक दात. स्वप्नाली उभी राहिली. कप खुर्चीवर ठेवला, तो कलंडला, चहा सांडला. तिला वडिलांचा चेहरा आठवला, पाठीवरची थाप आठवली, आणि मग काहीच आठवेना. तिचा आवाज इतका मोठा असेल, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“आई, मी एकटी नाही आले,” ती म्हणाली. “ती बॅग नवी नाही, जुनी आहे, दुसऱ्याची आहे. नाव मीच उसवलं. आत्ता चेनही मीच लावली. आणि रनर मी बसवलाय, बाबा, एकाच बाजूचा. कितीही शोधलं तरी ती आतून उघडत नाही.”